पुराच्या रात्री सही कोणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर मराठवाड्यात मदतीच्या आकड्यांची पुष्कळ चर्चा झाली. हेक्टरी किती, मर्यादा दोन हेक्टरांची की तीन, राज्य शासनाने जाहीर केलेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये नवे पैसे किती आणि आधीच्याच योजनांचे किती, यावर रकानेच्या रकाने लिहून आले. ज्यांच्या शेतातील माती खरवडून गेली त्यांच्या दृष्टीने ही चर्चा आवश्यकच होती. परंतु या गदारोळात एक प्रश्न बाजूला राहिला, आणि तो पैशापेक्षा अधिकाराचा आहे. संकट दारात उभे असताना निर्णय घेण्याचा हक्क नेमका कोणाचा: मंत्रालयाचा, जिल्हाधिकाऱ्यांचा, की जिच्या हद्दीत पाणी शिरले आहे त्या ग्रामपंचायतीचा?

मी लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील रहिवासी असून तीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. नावे लांबली, अधिकार होते तेवढेच राहिले.) नोकरीच्या काळात मी भूकंप पाहिला, दुष्काळ पाहिला, कोरोना पाहिला, आणि निवृत्तीनंतर हा पूर पाहिला. त्यामुळे पुढील मजकूर कोणावर राग काढण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच नमूद करतो.

आमचे गाव तेरणा आणि मांजरा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आहे. माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पातून आणि धनेगावच्या मांजरा धरणातून एकाच वेळी विसर्ग सुरू झाला की मांजरा तेरणेचे पाणी पुढे सरकू देत नाही, तेरणा मागे फुगते आणि तो फुगवटा ओढ्यानाल्यांतून गावठाणापर्यंत येतो, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात एका रात्री असेच झाले. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर जुना नळकांडी पूल आहे. त्याच्या नळ्यांत उसाचे पाचट, बाभळीचे ओंडके आणि कोणाच्या तरी गंजीचा वाहून आलेला कडबा अडकला, पाणी तुंबले, आणि रस्त्याचा भराव बांधासारखा आडवा उभा असल्याने ते खालच्या वस्तीकडे वळू लागले. भराव एका बाजूने फोडून पाण्याला वाट करून देणे एवढाच उपाय होता. जेसीबी गावात होता, चालवणारा होता, टाकीत डिझेलही होते. परवानगी तेवढी नव्हती, कारण तो रस्ता ग्रामपंचायतीचा नसून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा आहे.

सरपंचांनी रात्री साडेअकरापासून फोन लावायला सुरुवात केली. तालुक्याचे महसुली अधिकारी त्या वेळी दुसऱ्या एका गावातील माणसांना शाळेत हलवत होते. तशा धावपळीत त्यांनी फोन उचलला हेच पुष्कळ. रस्ता आमच्याकडे येत नाही, बांधकामच्या अभियंत्यांना विचारा, असे त्यांनी सांगितले. अभियंत्यांचा फोन लागला नाही. नियंत्रण कक्षाने नोंद घेतली आणि वरिष्ठांना कळवतो म्हणून सांगितले. पहाटे दोनच्या सुमारास पहिल्या चार घरांच्या उंबऱ्याला पाणी लागले, तेव्हा सरपंचांनी स्वतःच्या जबाबदारीवर भराव फोडायला लावला आणि तासाभरात पाणी उतरले. मी तेथे बॅटरी धरून उभा होतो, त्यामुळे यातले काहीच ऐकीव नाही. पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीला पत्र आले: शासकीय रस्त्याचे विनापरवाना नुकसान का केले, याचा खुलासा करावा. जेसीबीचे बिल आजतागायत थकलेले आहे, कारण तो खर्च गावाच्या विकास आराखड्यात नव्हता. आराखडा आदल्या वर्षी होतो. त्यात पुराची तारीख कशी धरायची, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवले नाही.

ही एखाद्या अधिकाऱ्याची हेकेखोरी असती तर मी आपला वेळ घेतला नसता. अडचण कायद्याच्या घडणीतच आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या याद्यांमध्ये, ‘आपत्ती’ हा विषय स्वतंत्रपणे कोठेच नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा समवर्ती सूचीतील (जिच्यातील विषयांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात) सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन संसदेने केला. पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीतही आपत्ती नाही. नगरपालिकांच्या १८ विषयांत अग्निशमन आहे, पूर नाही. मग या अधिनियमाने राज्यात मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे उभी केली, आणि कलम ३४ने जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखणे, ढिगारे हटवणे, साधनसामग्री उपलब्ध करून घेणे, निवारा व अन्नपाण्याची सोय करणे असे भरभक्कम अधिकार दिले. ग्रामपंचायत व नगरपरिषद यांच्यासाठी कलम ४१ आहे. त्यांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, साधने सज्ज ठेवावीत, मदत आणि पुनर्वसनाची कामे करावीत, आणि हे सारे जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन राहून करावे, असे ते कलम सांगते. त्याच कलमात आवश्यक ते अन्य उपाय योजण्याची मुभाही आहे, पण त्या एका ओळीच्या भरवशावर रात्री दोन वाजता जिल्हा परिषदेचा रस्ता फोडणारा सरपंच विरळाच.

आमच्या राज्याचे जुने कायदे या बाबतीत अधिक शहाणे होते, असे मला वाटते. १९६१च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने अध्यक्षांना असा अधिकार दिला आहे की, आणीबाणीच्या प्रसंगी परिषदेच्या मंजुरीची वाट न पाहता त्यांनी एखादे काम करावयास किंवा थांबवावयास सांगावे आणि त्याचा खर्च जिल्हा निधीतून करावा. अट एवढीच की, काय केले व का केले हे नंतर परिषदेला विनाविलंब कळवावे. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात नगराध्यक्षांनाही जवळजवळ तसाच अधिकार आहे. आधी काम, मागाहून हिशेब, हे तत्त्व साठ वर्षांपूर्वी आमदारांना सुचले होते. आमच्या पुलावरचा रस्ता जिल्हा परिषदेचाच असल्यामुळे त्या रात्री अध्यक्षांचा एक फोन पुरला असता.

पण अध्यक्ष नव्हते. मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदा फेब्रुवारी २०१७मध्ये निवडून आल्या होत्या, मार्च २०२२मध्ये त्यांची मुदत संपली, आणि त्यानंतर तेथे प्रशासक आले. छत्रपती संभाजीनगर महापालिका तर एप्रिल २०२०पासून प्रशासकांकडे होती. लातूर, परभणी, नांदेड यांचीही गत पुढे तीच झाली, आणि जालना २०२३मध्ये महापालिका झाली ती निवडून आलेल्या सभागृहाविनाच. म्हणजे पूर आला तेव्हा मराठवाड्यात महापौर म्हणून एकही माणूस खुर्चीवर नव्हता. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटना स्पष्ट सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला होता. ते चार महिने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नद्या पात्राबाहेर आल्या. अध्यक्षांचे अधिकार या काळात प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे होते, हे मी जाणतो, परंतु दहा तालुक्यांच्या जिल्ह्यात एकाच रात्री एक अधिकारी कोठे कोठे पुरणार? पूर्वी गटाचा जिल्हा परिषद सदस्य होता. तो गावातल्या लोकांना नावाने ओळखत असे, गावच्या पुलाच्या किती नळ्या बुजल्या आहेत हे त्याला ठाऊक असे, आणि मुख्य म्हणजे मध्यरात्री अध्यक्षांना उठवण्याइतके त्याचे वजन असे.

रिकाम्या खुर्चीचा आणखी एक परिणाम कमी लोकांच्या ध्यानात आला. याच २००५च्या अधिनियमाच्या कलम २५नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे असते. लोकनियुक्त माणसासाठी त्या संपूर्ण प्राधिकरणात राखलेली ही एकच खुर्ची आहे. बाकी सारे अधिकारी. साडेतीन वर्षे ती रिकामी होती आणि या काळात अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ, पूर असे सारे काही होऊन गेले. भरीस भर म्हणजे, वित्त आयोगाचा निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच द्यावयाचा असल्याने जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा पैसाही या काळात अडकला. निवडणुका राज्यात लांबल्या आणि त्याचा दंड गावांनी भरला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

शहरांचे तर याहून नवल. २०२५मध्ये केंद्राने या अधिनियमात दुरुस्ती करून महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय केली. कल्पना चांगली आहे, कारण जिल्हाधिकाऱ्यांना शहराची गटारे ठाऊक असण्याची अपेक्षा करणे चुकीचेच. पण या नव्या प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. महापौरांना या दोन्ही पदांपैकी एकही नाही. जिल्ह्याला निदान नावापुरता लोकांचा सहअध्यक्ष होता, शहराला तोही ठेवला नाही. निवडणुका होऊन महापौर आले तरी या खुर्च्यांची मांडणी त्यामुळे बदलणार नाही.

येथे कोणी विचारील की, ग्रामसेवक म्हणून आयुष्य काढल्यामुळे हा माणूस गावाचीच तळी उचलणार. तसे नाही, आणि त्याचे कारण किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना धरणी हलली आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि माझी पाठवणी औसा तालुक्यातील एका गावी झाली. सैन्य, अवजड यंत्रे, शेकडो डॉक्टर, लाकडे, पत्रे, धान्य, हे जिल्ह्याबाहेरून आणि राज्याबाहेरून आले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवायची होती, त्यासाठी जागतिक बँकेकडून कर्ज उभे करायचे होते, हजारो एकर जमीन संपादन करायची होती. यातले कोणते काम ग्रामपंचायतीला जमले असते? एकही नाही. त्या दिवसांत राज्य शासनाचा भक्कम हात नसता तर आम्ही बुडालो असतो, हे मान्य करण्यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही.

पण तीच किल्लारी दुसरेही शिकवून गेली. आमच्याकडची जुनी घरे दगड-मातीची, जाड भिंतींची, वर मातीचे माळवद असलेली. ती पडल्यावर गल्ली, अंगण, घर यांत काही फरक राहत नाही, सगळा एकच ढीग दिसतो. जवान त्या ढिगावर उभे राहून पहिला प्रश्न विचारीत, तो असा: दार कोणत्या अंगाला होते आणि माणसे कोठे झोपत होती? याचे उत्तर कोणत्याही नकाशात नव्हते. ते शेजारणीला ठाऊक होते, कोतवालाला ठाऊक होते, बाळंतपणासाठी घरोघर फिरलेल्या म्हातारीला ठाऊक होते. मला आठवते, एका जागी जवान पुढच्या खोलीचा ढिगारा उपसत होते, तेव्हा एका बाईंनी त्यांना थांबवले आणि सांगितले की, गौरी-गणपतीला लेक माहेरी आली आहे, ती लेकरू घेऊन मागच्या सोप्यात निजत होती. मागचा ढिगारा उपसला. लेकरू जिवंत निघाले. नंतरच्या काळात, कोणाचे घर होते आणि कोणाचे नव्हते हे ठरवायची वेळ आली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या, नोंदवहीला सोन्याची किंमत आली. ती वही ज्या गावात ढिगाऱ्याखाली गेली त्या गावात वाद वर्षानुवर्षे चालले. पुनर्वसनातही तेच झाले. नव्या गावठाणांतले सरळ रुंद रस्ते आणि ओळीत उभी घरे नकाशावर देखणी होती, पण बैल कोठे बांधायचे, कडब्याची गंज कोठे लावायची, शेत तीन किलोमीटर मागे राहिले तर राखणीला कोण जाणार, हे प्रश्न ज्यांना पडले असते त्यांना आराखड्याच्या वेळी पुरेसे विचारले गेले नाही. लोकांनी पुढे दारापुढेच पत्रे ठोकून गोठे काढले.

लातूरच्या पाण्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, आणि देशभर त्याची छायाचित्रे छापून आली. रेल्वे, दोन टोकांचे जिल्हा प्रशासन आणि राज्य शासन यांच्यावाचून ते शक्य नव्हते. त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते, याची आठवण मात्र फार थोड्यांना असेल. पाणी कोठून आणायचे हा प्रश्न वरच्यांनीच सोडवायचा होता. ते कोणत्या गल्लीत आधी न्यायचे, हा प्रश्न नगरसेवकाला विचारून सुटतो, पोलीस उभे करून फक्त रांग सरळ होते.

कोरोनात तर दोन्ही बाजूंच्या चुका एकदमच पाहायला मिळाल्या. राज्याने १३ मार्च २०२० रोजी १८९७चा साथरोग अधिनियम लागू केला, त्यावर केंद्राचा २००५चा अधिनियम आला, आणि रोज संध्याकाळी नवा आदेश येऊ लागला. किराणा किती वाजेपर्यंत, लग्नाला किती माणसे, आठवडी बाजार भरवायचा की नाही, हे सारे वरून ठरे. ज्या गावात एकही रुग्ण नव्हता तेथेही बाजार बंद आणि ज्या गावात घरोघरी ताप होता तेथेही तोच नियम. परंतु याच काळात गावांनी काय केले, तेही लिहिले पाहिजे. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडवले. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर अडकले होते. लाखाहून अधिक लोकांना परतण्याची मुभा देणारा आदेश राज्याने १७ एप्रिल २०२० रोजी काढला, आणि ही माणसे बैलगाड्या, लेकरे घेऊन आपल्याच गावच्या वेशीवर आली तेव्हा काही ठिकाणी त्यांना आत घेतले नाही. अडवणारे कोण होते आणि अडवले गेलेले कोण होते, हे मराठवाड्यातील वाचकाला मी वेगळे सांगायला नको. गावाच्या हाती अधिकार द्यावा म्हणणाऱ्याने गावकी-भावकीचा हा चेहरा विसरता कामा नये. नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातील भोसी या गावाने मात्र दुसऱ्या लाटेत बाधितांना आपापल्या शेतांत वेगळे ठेवून, तेथे त्यांची काळजी घेऊन साथ आटोक्यात आणली. सरकारी आदेशांच्या कोणत्याच गठ्ठ्यात हा उपाय नव्हता, तो गावालाच सुचला.

ओडिशाने त्या वेळी जे केले, ते आपल्याकडे झाले असते तर बरे झाले असते. तेथील मुख्यमंत्र्यांनी १९ एप्रिल २०२० रोजी सरपंचांना त्यांच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीपुरते जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार देण्याची घोषणा केली. परराज्यांतून परतणाऱ्यांची नोंद करणे आणि त्यांना चौदा दिवस विलगीकरणात ठेवणे हे काम सरपंचाकडे आले, आणि त्याबरोबर ते करण्याचा अधिकारही आला. आपल्याकडे तेच काम सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताईंनी केले. अधिकार मात्र तहसीलमध्येच राहिला. शाळेत ठेवलेल्या माणसांच्या जेवणाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे विचारत मी त्या उन्हाळ्यात किती कार्यालयांचे उंबरे झिजवले, ते आता सांगत बसत नाही.

तर मग मागणी काय? जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार कमी करा, अशी माझी मागणी नाही. धरणाचे दरवाजे कधी व किती उघडायचे, सैन्य किंवा बचाव दले कोठे पाठवायची, एका जिल्ह्याची साधने दुसऱ्या जिल्ह्यात कशी न्यायची, हे वरच राहिले पाहिजे, कारण गावाला स्वतःच्या बांधापलीकडचे दिसत नाही. मला हवे आहे ते पहिल्या तीन दिवसांपुरते, आणि तेही ठरलेल्या मर्यादेत. यासाठी संसदेकडे धाव घेण्याची गरज नाही. २००५च्या अधिनियमाचे कलम ५० सांगते की, तातडीची निकड असल्याची खात्री झाल्यास जिल्हा प्राधिकरण एखाद्या विभागाला किंवा प्राधिकरणाला निविदेवाचून खरेदी करण्यास मुभा देऊ शकते. जिल्हा प्राधिकरणाने या तरतुदीचा आधार घेऊन मृगाच्या आधीच, म्हणजे ७ जूनपूर्वी, कायमचा आदेश काढावा: पुराचा इशारा मिळाल्यापासून बहात्तर तास ग्रामपंचायतीने ठरावीक रकमेपर्यंत, समजा एक लाखापर्यंत, यंत्र, वाहन, डिझेल, अन्न व औषध यांवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या संयुक्त सहीने खर्च करावा, जीव वाचवण्यासाठी हद्दीतील कोणत्याही खात्याचा रस्ता, भराव किंवा बांध फोडावा लागल्यास तो फोडावा, आणि त्याची छायाचित्रांसह नोंद सात दिवसांत ग्रामसभेपुढे व पंचायत समितीकडे ठेवावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. न बांधलेल्या, म्हणजे अबंधित, निधीतून हा खर्च भागवता यावा, आराखड्यात नाही म्हणून संगणक प्रणालीने तो नाकारू नये, एवढी दुरुस्ती पुरे. खोटा खर्च करणाऱ्या सरपंचावर कारवाई करायला सध्याचे कायदे समर्थ आहेत. सद्हेतूने केलेल्या कामाला २००५च्या अधिनियमाचे कलम ७३ न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देते, पण खरा खर्च करणाऱ्याला खुलाशाच्या पत्रांतून ते सोडवत नाही.

वेशीवरच्या काट्यांचा उपाय राज्याच्याच हाती राहिला पाहिजे. कोणालाही गावात येण्यापासून, निवाऱ्यापासून, पाण्यापासून अडवता येणार नाही आणि अडवल्यास तहसीलदार थेट हस्तक्षेप करतील, हे त्याच आदेशात लिहावे.

पंचनाम्यांविषयी एक गोष्ट राहिली. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी, हा निकष आहे, आणि पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात असतो. आमच्या बाबतीत पाऊस नद्यांच्या वरच्या भागात झाला, पाणी धरणातून आणि नद्यांतून आले, आणि तुमच्या मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही, हे पहिले उत्तर आम्हाला ऐकावे लागले. पुराचे नुकसान म्हणून पंचनामे झाले, पण मागाहून. तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक (जुनी नावेच वापरतो) यांनी केलेली यादी तहसीलला जाण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवली तर अर्ध्या तक्रारी जागीच मिटतात, हे मी स्वतः दोनदा करून पाहिले आहे. ज्याचे शेत नदीकाठी नाही त्याचे नाव आले की मागून कोणीतरी खाकरतोच.

जिल्हा परिषदेची निवडणूक होऊन अध्यक्ष आले की सहअध्यक्षाची ती खुर्ची भरते. आपल्याला माझी विनंती एवढीच की, आपल्या वार्ताहरांनी मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत जाऊन विचारावे: मार्च २०२२पासून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठका किती झाल्या, त्यांना कोण कोण हजर होते, आणि त्यांत एखाद्या सरपंचाला एकदा तरी बोलावले होते काय? जे उत्तर मिळेल ते आपल्या दैनिकात छापावे. आमच्या सरपंचांचा खुलासा मीच लिहून दिला आहे. त्याचे उत्तर आल्यास तेही आपणाकडे पाठवीन.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. निलंगा, जि. लातूर
(नाव व पत्ता आपणाकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)